मिटल्याचा आवाज

१

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ पक्की माहीत आहे, कारण तेवढ्यातच मी फोन ठेवला होता. ह्यांचा फोन होता, मालवणच्या जेटीवरून. मे महिना, बोटीवर पर्यटकांची झुंबड, जेवायला घरी येता येणार नाही, एवढंच सांगायला केलेला. फोन खाली ठेवताना त्यावरचे आकडे दिसले आणि ते डोक्यात राहिले.

मी पडवीत आंब्याच्या पेट्या भरत होते. पेंढा, आंबे, पुन्हा पेंढा, वर झाकण, मग सुतळीचे दोन वेढे. सासूबाई मागच्या परड्यात रातांबे फोडत बसल्या होत्या. तेजू, माझी अकरा महिन्यांची मुलगी, माजघरात झोळीत झोपली होती. घरात चौथं माणूस नव्हतं.

सुतळी कापून सुरी मिटली आणि मांडीवर ठेवली. पुढची पेटी ओढली. तेव्हा माजघरातून आवाज आला.

टक्.

माझी सुरी उघडते तो आवाज.

मी मांडीवर बघितलं. सुरी तिथेच, मिटलेली. म्हटलं, पाल असेल. पालही अशीच चुकचुकते. पण पाल एकदा चुकचुकली की पाठोपाठ दोन-तीनदा तरी चुकचुकते. हा एकच आला होता, आणि त्यात लोखंड होतं. कान फसवतात म्हणून ताडून बघावं, एवढ्याच विचाराने मी सुरी उचलली आणि उघडली. टक्. अगदी तोच.

आत बराच वेळ काही नाही. परड्यातून रातांबे फुटल्याचं फचफच ऐकू येत होतं.

मग आतून, दबका. टप्.

हा मिटल्याचा. माझी सुरी माझ्या हातात उघडी होती.

२

ही सुरी बाजारातली नव्हे. माझ्या हाताच्या मापाने बनवून घेतलेली.

तेजू रांगायला लागली तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना. आंब्याच्या दिवसांत घरभर कोयती, कातर, विळी पडलेली. मी उचलून वर ठेवायची, कोणीतरी कामाला खाली काढायचं. एकदा तेजूच्या हातात कोयतीची मूठ बघितली, त्या दिवशी मी जेवले नाही. मग हे मला कसालला सत्यवानकडे घेऊन गेले. सत्यवान ह्यांचे दोस्त. वेल्डिंगचं दुकान आहे, पण हौस चाकू बनवायची. जुन्या करवतीच्या पात्यातून काढतात.

त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, माझा हात त्यावर ठेवायला लावला आणि पेन्सिलीने बोटं आखून घेतली. मग एक लाकडाचा तुकडा हातात दिला.

"वैनी, मूठ आवळा. अशी नाय, रागान आवळतास तशी."

"ती रागान आवळता तेवा माझो गळो आसता," हे म्हणाले.

मूठ फणसाच्या लाकडाची झाली, पिवळी, हातात घेतली की गरम वाटणारी. खटका कडक. अंगठ्याचा चांगला जोर दिल्याशिवाय पातं सुटत नाही. लहान मुलाच्या हातून ती उघडणं शक्य नव्हतं, आणि मला तेवढंच हवं होतं. उघडताना टक्, कोरडा. मिटताना टप्, कोणी तोंड मिटावं तसा.

मी सगळ्या गाऊनांना खिसा शिवून घेतला. सुतळी, आंब्याचे देठ, शेवग्याच्या शेंगा, तेजूच्या औषधाच्या बाटलीचं बूच, सगळ्याला तीच. आणि काही काम नसलं की नुसतीच उघड-मीट. झोळीला झोका देताना तर हात आपोआप खिशात जायचा. झोका, टक्. झोका, टप्. तेजू त्या आवाजावर झोपायची.

सासूबाई म्हणायच्या, "दोन पोरां आसत तुका. एक झोळयेत, एक खिशात. खिशातला जास्त बोलता."

३

त्या दुपारी मी आत गेले.

आमच्या माजघरात दिवसाही उजेड बेताचा. कौलांत एक काच बसवलेली आहे, तिचा चौकोन जमिनीवर पडतो आणि सरकत जातो. बाकी धान्याची कणगी, कपाट, भिंतीला टेकवलेली चटई. लपायला जागा नाही. खिडकीला गज आहेत. मी कणगीच्या मागेही बघितलं.

तेजू जागी होती. जागी झाली की ती रडून घर डोक्यावर घेते. तेव्हा रडत नव्हती. कुशीवर वळून बघत होती. काचेच्या उजेडाकडे नाही, माझ्याकडे नाही. झोळीच्या आत, आपल्या शेजारी. जवळ कोणी निजलं की त्याच्या तोंडाकडे बघतात, तेवढ्या अंतरावर.

तिथे लुगड्याची चुणी होती. मी हात फिरवून बघितला. चुणी गरम होती, पण ती तेजूच्या अंगाने झाली असेल.

मी परड्यात गेले. "आई, तुमी आत्ताच माजघरात इललात?"

"माझे हात बघ," सासूबाई म्हणाल्या. कोपरापर्यंत लाल. "ह्या हातांनी माजघरात जावन भिंती रंगवू?"

मी आवाजाचं सांगितलं. त्या खाली मान घालून ऐकत होत्या.

"दुपारच्या टायमाक एका हाकेक ओ देव नये, सांगललंय ना तुका? तिसरी हाक इल्याशिवाय तोंड उघडूचा नाय."

"हाक कोणी मारूक नाय, आई. नुसतो आवाज."

"मगे तू काय केलंस?"

"मी माझी सुरी उघडून बघलंय. तसोच आवाज काय ता."

त्यांचा हात थांबला. रातांब्याचा रस बोटांवरून परातीत पडत राहिला. मग म्हणाल्या, "उंदीर असतलो," आणि पुढचा रातांबा उचलला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी परात उचलून पडवीत आणली, माझ्या बाजूला. उन्हाचं कारण सांगितलं. परड्यात आंब्याची सावली आहे.

४

पुढे रोज. मी पडवीत सुरी उघडली की आतून मिटल्याचा आवाज. कधी लगेच, कधी मी विसरून गेल्यावर. कधी आधी आतूनच उघडल्याचा यायचा, आणि मग काही नाही. ते काही नाही जास्त वाईट होतं. कोणीतरी थांबलंय आणि आता माझी पाळी आहे, असं वाटायचं. अंगठा खटक्यावर जायचा आणि मी तो दुसऱ्या हाताने धरायची. शेवटी मी सुतळी दातांनी तोडू लागले.

सासूबाईंना तो आवाज येत नव्हता. त्यांचा उजवा कान गेलेला आहे, आणि डाव्याबद्दल त्या कबूल करत नाहीत.

मग दोरी.

आमची झोळी म्हणजे सासूबाईंचं जुनं नऊवारी. दोन टोकांना काथ्याची दोरी, दोरी वर वाशाला. तेजूला उचलायला वाकले तर डोक्याकडच्या दोरीचा एक पीळ सुटून लोंबत होता. दोरी तीन पिळांची. दोनांवर माझं लेकरू.

"उंदीरच तो," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगललंय."

उंदराने कुरतडलेली दोरी मी जन्मभर बघत आले आहे. तिच्या तोंडाशी भुसा होतो. ही एका फटक्यात कापलेली होती. आणि माझ्या सुरीच्या टोकाजवळ बारीक खाच आहे, पेटीच्या खिळ्यावर पडलेली. त्यामुळे मी काहीही कापलं की एक धागा लांब राहतो. इथेही एक धागा लांब होता.

कापलं होतं आतल्या बाजूने. बाहेर उभं राहून तिथे पातं लावायचं तर हात झोळीत खाली घालून उलटा वळवावा लागतो. मी करून बघितलं. मनगट दुखलं. झोळीत उताणं निजलेल्याला मात्र ते सोपं होतं. हात वर केला की पुरे.

मी दोरी बदलली. दोन दिवसांनी नव्या दोरीचा पीळ सुटला.

तेव्हा मी बसून नीट विचार केला. तेजू झाल्यापासून मला सलग झोप नाही. गॅसवर दूध ठेवते आणि विसरते. एकदा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. मग दोरी मीच कापली असेन, आणि तेही विसरले असेन, तर? सुरी माझी, धागा माझ्या सुरीचा, झोळीजवळ सगळ्यात जास्त वेळ मी. दुसऱ्या कोणाबद्दल मला कोणी एवढं सांगितलं असतं तर मीही म्हटलं असतं की तिच्यावर लक्ष ठेवा. आपल्याच हाताकडे मी पाव्हण्याच्या हातासारखं बघत बसले.

सासूबाईही तिकडेच बघत होत्या. संध्याकाळी हे आले तेव्हा विहिरीवर दोघांचं बोलणं चाललं होतं. मी कपडे काढायला गेले होते, दोरीवरच्या चादरीआड.

"तिका थोडे दिवस तिच्या आवशीकडे म्हायेराक धाड, गुरुदास. चेडवाक, तेजूक हय रवांदेत. माझ्याकडे."

बादली विहिरीत सोडल्याचा आवाज आला.

मी चादर बाजूला केली. "चेडवाक सोडून मी खंयच जावचंय नाय."

"कोण तुका सोडूक सांगता?" हे म्हणाले. हात पुढे केला. "सुरी माझ्याकडे दी. तितक्याच कर."

दिली. खिसा हलका झाला आणि मला चालताना तोल गेल्यासारखं होऊ लागलं. पण मनात आलं, बरं झालं. आता आवाज थांबला तर मी वेडी आहे. मी वेडी असेन तर तेजूला दुसरं कशाचं भय नाही. वेडीला आवर घालता येतो.

५

दुसऱ्या दिवशी मी पेट्यांना हात लावला नाही. सकाळपासून झोळीजवळ बसून राहिले. सासूबाई माजघराच्या उंबऱ्यावर, भाजी निवडत. माझ्यावर पहारा होता आणि मला त्याचा राग नव्हता. काचेचा चौकोन कणगीपासून निघाला आणि झोळीखाली आला. आवाज नाही. तेजू झोपेत तोंड हलवत होती.

दुपारी ह्यांचा फोन आला. मागे वारा, पोरांचा गलका, कोणीतरी लाइफ जॅकेट मागत होतं.

"काय गो, इलो काय तुझो उंदीर?"

"नाय इलो."

"बघलंस? सुरी हय माझ्या खिशात आसा. तुझो उंदीर मालवणाक जातलो काय भाड्यान? थांब, ऐक हां."

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी उघडली. फोनमधून टक् आला, वाऱ्यातून, बारीक.

झोळीतून, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, टप्.

सासूबाईंच्या मांडीवरून भाजी खाली पडली. तेवढा तो आवाज त्यांच्याही कानात शिरला होता. मी उठून तेजूला बाहेर काढलं, मानेखाली हात न घालता, कशीही. ती जागी होती. हसत होती.

फोन जमिनीवर होता. त्यातून ह्यांचा आवाज येत होता.

"स्वप्ना. गो स्वप्ना. मिटल्यान कोणी?"

मी तेजूला छातीशी धरून मागे सरकले.

"माझी उघडी आसा हातात," हे म्हणत होते. "मिटल्यान कोणी?"

६

बोट दुसऱ्याच्या ताब्यात देऊन हे तासाभरात घरी आले. चहासुद्धा घेतला नाही. तेजूला मध्ये घेऊन आम्ही गाडीवरून कसालला गेलो.

सत्यवाननी ग्राइंडर बंद केला. आम्ही सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं, मध्ये हसले नाहीत. मी विचारलं, "भावजी, अशी दुसरी बनवलात काय कोणाक?"

"नाय वैनी. ती तुमच्या हाताची. दुसऱ्याच्या हाताक बसाची नाय." त्यांनी स्वतःच्या मुठीत धरून दाखवली. खरंच बसत नव्हती. बोटं बाहेर येत होती.

"मगे आवाज?" ह्यांनी विचारलं.

"माका काय म्हायत, गुरुदासा. मी लोखंडाचा काय ता सांगीन." त्यांनी सुरी शिकंज्यात धरली, मुठीतला स्क्रू काढला आणि आतली खटक्याची पट्टी चिमट्याने ओढून बाहेर ठेवली. मग पातं उघडलं, मिटलं. काही आवाज नाही. सैल जबड्यासारखं नुसतं हललं. "झाला. आता ही मुकी."

आम्ही सुरी आणि पट्टी दोन्ही त्यांच्याकडेच ठेवली.

घरी आलो तेव्हा सासूबाईंनी बांगड्याची कढी केली होती. झोळीला नायलॉनची निळी दोरी बांधली होती, आणि मला बघून म्हणाल्या, "तुका मी उगाच बोललंय." एवढंच. माझ्या ताटात त्यांनी बांगड्याचा मधला तुकडा वाढला. पण झोळी रिकामीच राहिली. तेजूला मी खाली चटईवर माझ्या बाजूला निजवायची. चार-पाच दिवस घर शांत होतं. दुपारी शांत, सकाळी शांत. मी पुन्हा पेट्या भरू लागले, कातर घेऊन, आणि काम झालं की कातर उंच टांगून.

मग शेजारची बाबली काकी आली. वाटीभर सुकट मागायला आली आणि तासभर बसली. माजघरात आम्ही तिघी, तेजू माझ्या मांडीवर. झोळी समोर, काकीच्या पाठीमागे.

तेजूने जीभ टाळूला लावली आणि सोडली. टक्.

कोरडा. लोखंडाशिवाय तसा आवाज निघू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"अगो बाय माझी," बाबली काकी म्हणाली. "बोलाक लागला गो चेडू. परत कर बघू? परत कर?" आणि बाळाला हसवायला सगळे करतात तसं तिने स्वतः जिभेने केलं. टक्, टक्.

तेजू काकीकडे बघत नव्हती. काकीच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, मान तिरकी करून. ती वाट बघत होती.

मी तिकडे बघितलं.

रिकामी झोळी चपटी लोंबते. ही चपटी नव्हती. लुगडं खाली आलं होतं, पोटात काही घेतल्यासारखं, आणि निळी दोरी वाशापासून ताठ. झोका नव्हता. ज्याला हलायचं नाही त्याचं वजन होतं ते. पायाकडच्या बाजूला लुगडं आतून ताणलं गेलं आणि एक टाच उमटली. नीट गोल. तेजूची टाच माझ्या अंगठ्याएवढी आहे. ही माझ्या टाचेएवढी होती.

टप्.

मग लुगडं हलकं झालं, वर आलं आणि दोन-तीनदा हेलकावलं.

"काय गो, भूत बघल्यासारखी बसलंस?" बाबली काकी म्हणाली. तिने मागे वळून बघितलं तेव्हा लुगड्याची नुसती घडी लोंबत होती.

सासूबाईंनी माझ्या मांडीवरून तेजूला उचललं आणि अनवाणी अंगणात गेल्या, आणि अंगणातून रस्त्यावर. भर उन्हात. मी त्यांच्या मागून गेले. त्यांचा डावा कान तेजूच्या तोंडाजवळ होता.

७

आता आम्ही माझ्या माहेरी आहोत, सावंतवाडीजवळ. सासूबाईही आल्या आहेत; हे बोटीसाठी तिकडेच राहिले. मला एकटीला धाडणार होत्या, त्या आता मला नजरेआड होऊ देत नाहीत. इथे झोळी बांधलेली नाही. तेजू माझ्या छातीवर झोपते. मी बसते तेव्हा भिंतीला पाठ लावून बसते.

तेजू अजून आवाज काढते. आई म्हणत नाही, बाबा म्हणत नाही. टक् म्हणते, आणि मान तिरकी करून थांबते. मी लगेच तिच्या ओठांवर बोट ठेवते आणि मोठ्याने काहीतरी बोलू लागते, पाढे, भाजीचे भाव, काहीही, मागून काही आलं तरी तिला ऐकू जाऊ नये म्हणून. मलाही ऐकू येऊ नये म्हणून. इथे अजून कोणी परत उत्तर दिलेलं नाही, असं मी धरून चालले आहे.

बघायला येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून जीभ वाजवतो. मी अडवते. माझी चुलती रागावून गेली. "आमची काय नजर लागतली तुझ्या चेडवाक?" म्हणाली. लागो नजर. नजर काढता येते.

काल बाबली काकीचा फोन आला. तेजूची खुशाली विचारली. मग हसत म्हणाली, "तुझ्या तेजून आमच्या नातवाक काय शिकयल्यान गो? दिवसभर जीभ वाजयता. आमी पण सगळी वाजयतो, तो लय हसता."

मी विचारलं, तो झोपतो कुठे.

"झोळयेत. खंय झोपतलो?" आणि पाठोपाठ, "गो स्वप्ना, तुमच्याकडे उंदरांक काय घालतास? दोऱ्ये कुरतडूक लागलेत मेले."

मी तिला सांगितलं, नातवाला आधी झोळीतून काढ, मग बोल. ती म्हणाली, निजलाय गो, कित्या उठवू. मी ओरडले. तिने फोन ठेवला. ह्यांना फोन करून तिच्याकडे धाडलं आहे. अजून त्यांचा उलट फोन आलेला नाही.

म्हणून हे लिहून धाडते आहे. माझं डोकं ठिकाणावर नाही असं वाटलं तर वाटू द्या, पण पुढे कळवा. ज्यांच्या घरात झोळी आहे, पाळणा आहे, त्यांना आधी. बाळाने जीभ वाजवली तर तुम्ही वाजवू नका. त्याला उचला, बाहेर उजेडात न्या. रिकाम्या झोळीचं लुगडं दोरीवरून काढून घडी करून ठेवा, लोंबत ठेवू नका. शेजारणीला सांगा, जावेला सांगा, अंगणवाडीत सांगा.

आणि सांगताना नुसतं तोंडाने सांगा. आवाज कसा, ते काढून दाखवू नका.